भाव खाणारी बॅग: महागड्या हँडबॅगेत नेमकं काय विकलं जातं?

10 जुलै 2025 रोजी पॅरिसमध्ये सदबीजच्या लिलावात एक काळी चामडी बॅग विकली गेली. कोपरे घासलेले, अंगावर कधीकाळी चिकटवलेल्या स्टिकरांच्या खुणा, आणि पट्ट्याला लटकणारं एक नेलकटर. फी धरून तिला 86 लाख युरो आले. जेन बर्किन या अभिनेत्री-गायिकेसाठी एर्मेस कंपनीने बनवलेली ही पहिलीवहिली 'बर्किन' बॅग.

त्याच्या वर्षभर आधी, जून 2024 मध्ये, मिलानच्या न्यायालयात वेगळाच आकडा बाहेर आला होता. दुकानात 2,600 युरोला विकल्या जाणाऱ्या दिऑर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या एका बॅगेमागे, ती शिवून देणाऱ्या ठेकेदाराला 53 युरो मिळत होते. मग एप्रिल 2025 मध्ये, अमेरिकेने चिनी मालावर जबर कर लावल्यावर, चिनी कारखानदारांच्या व्हिडिओंचा पूर आला. 38,000 डॉलरची बर्किन आम्ही 1,400 डॉलरमध्ये बनवतो, असं त्यातला एक जण कॅमेऱ्यात बघून बिनधास्त सांगत होता.

तेव्हापासून हँडबॅगेवरून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, चामडं बघा, शिवण बघा, जन्मभर टिकेल, शिवाय गुंतवणूक आहे. दुसरा म्हणतो, पन्नास युरोची पिशवी हजारोंना विकतात, ही शुद्ध लूट आहे. मला दोघांचंही पटत नाही. दोघंही किंमतीचं कारण बॅगेच्या आत शोधतायत, आणि ते तिथे नाहीच.

पाटीचा पत्रा कितीचा?

एप्रिल 2023 मध्ये दुबईत गाड्यांच्या नंबरांचा लिलाव झाला. 'पी 7' हा नंबर साडेपाच कोटी दिरहमला गेला. त्या दिवशी कुणीही पत्र्याची किंमत, रंगाची किंमत आणि पाटी ठोकणाऱ्याची मजुरी यांची बेरीज करून 'फसवणूक' म्हणून ओरडलं नाही. पत्रा कुणीच विकत घेत नव्हतं. हा नंबर दुसऱ्या कुणाकडे नसेल आणि सिग्नलला शेजारी थांबलेल्याला तो दिसेल, एवढ्याचेच पैसे होते.

महागडी हँडबॅग म्हणजे खांद्याला अडकवलेली नंबराची पाटी. फरक इतकाच, की पाटी विकणारा पत्र्याच्या दर्जाचं कौतुक सांगत बसत नाही. बॅग विकणारा सांगतो.

रोजच्या वापरातल्या वस्तूची किंमत खालून वर चढत जाते. कच्चा माल, मजुरी, भाडं, वाहतूक, त्यावर नफा. लक्झरी वस्तूची किंमत वरून खाली उतरते. ही वस्तू किती जणांना परवडू नये हे आधी ठरतं, मग आकडा ठरतो, आणि त्या आकड्याला शोभेल असा माल, दुकान आणि जाहिरात मागाहून जमवली जाते. किंमत वाढली की मागणी घटते हा बाजाराचा साधा नियम. पण काही वस्तूंची ओढ महाग असल्यामुळेच वाढते. अशा वस्तूंना अर्थशास्त्रात व्हेब्लेन वस्तू म्हणतात. लोक चारचौघांत दिसावं म्हणून खर्च करतात, हे थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1899 मध्ये मांडलं होतं, त्याचं हे नाव.

ताजं उदाहरण शनेलचं. त्यांची मधल्या आकाराची क्लासिक फ्लॅप बॅग 2019 मध्ये अमेरिकेत 6,000 डॉलरच्या आत होती. 2024 मध्ये तीच 10,000 डॉलरच्या पुढे गेली. या पाच वर्षांत मेंढ्यांनी चामडं दुप्पट भावाने द्यायला सुरुवात केली नव्हती. कंपनीने कुंपण उंच केलं, बस.

कुंपण किती उंच करायचं यालाही मर्यादा असते म्हणा. बेन या सल्लागार कंपनीच्या 2024 च्या अंदाजानुसार दोन वर्षांत जगभरात सुमारे 5 कोटी ग्राहक लक्झरी बाजारातून बाहेर पडले. वर्षाकाठी एखादी वस्तू हौसेने घेणारी ही मंडळी. त्यांना आत यायची आशा दाखवून हा धंदा मोठा झाला होता, आणि आता त्यांनाच कळलं की दार बंद झालंय.

चामडं? कुठलं चामडं?

जगात सगळ्यात जास्त ओळखली जाणारी महागडी बॅग बहुधा लुई व्हिटॉनची, तपकिरी रंगावर फुलं आणि आद्याक्षरं असलेली. तिचा मुख्य भाग चामड्याचा नाही. ते सुती कॅनव्हास आहे, वरून पीव्हीसीचा थर दिलेला. चामडं असतं ते पट्ट्यांना आणि कडांना. ही काही लपवाछपवी नाही, कंपनी स्वतःच त्याला कॅनव्हास म्हणते. पण हे ऐकून अनेकांचा चेहरा पडतो, हे मी पाहिलंय.

खरं तर चेहरा पडायचं कारण नाही. ही कंपनी 1854 मध्ये सुरू झाली ती प्रवासाच्या पेट्या बनवायला. पेटीवर पाऊस पडणार, हमाल ती आपटणार, म्हणून लेप दिलेलं कापड. ते हलकं असतं, पाण्याला दाद देत नाही, ओरखडा चटकन उमटत नाही. रोज वापरायच्या बॅगेला मऊ कोकराच्या चामड्यापेक्षा ते कितीतरी बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. गंमत त्या नक्षीची. ती 1896 मध्ये आली ती नक्कल करणाऱ्यांना अवघड जावं म्हणून. आज जगात सर्वाधिक नक्कल होणाऱ्या नक्षींत तीच आहे.

प्राडाने 1984 मध्ये चक्क नायलॉनची पाठपिशवी आणली आणि नायलॉन लक्झरीत जाऊन बसलं. म्हणजे 'चामडं उंची म्हणून किंमत उंची' हे गणित खुद्द या कंपन्यांनीच चाळीस वर्षांपूर्वी मोडून दाखवलंय.

चामडं असेल तिथेही थोडं जाणून घेतलेलं बरं. कातड्याचा सगळ्यात वरचा थर दाट आणि मजबूत असतो. तो न घासता वापरला तर त्याला फुल ग्रेन म्हणतात. त्यात जनावराच्या अंगावरचे ओरखडे, डास चावल्याच्या खुणा दिसतात, म्हणून निवडक कातडीच त्याला चालते. बाकीची कातडी वरून घासतात, रंगाचा जाड थर देतात आणि यंत्राने त्यावर ठसा उमटवतात. प्राडाचं बारीक आडव्या-तिरप्या रेघांचं साफियानो हा असाच ठशाचा प्रकार. अशा चामड्यावर नख लागलं तरी कळत नाही. सोय म्हणून उत्तम. पण त्याला हात लावून 'काय हो नैसर्गिक पोत!' म्हणणाऱ्यांना मी काही बोलत नाही, नुसती हसते.

राहिला कातडं कमावण्याचा प्रश्न. जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जातं, कारण ते काम तासा-दिवसांत होतं. झाडांच्या सालीच्या अर्काने कमवायचं तर आठवडे, कधी महिने लागतात. पिशवीच्या किंमतीवरून यातलं काय वापरलंय ते कळत नाही.

दुरुस्तीच्या टेबलावर

माझ्या मैत्रिणीची एक बॅग होती. नाव घेत नाही, पण तुम्ही ऐकलेलं आहे. आठ वर्षं कापडी पिशवीत घालून कपाटात जपलेली, वर्षातून दोनदा बाहेर निघायची. एकदा काढली तर आतला कप्पा चिकट. बोट घातलं की अस्तर बोटाला येत होतं, आत राहिलेली एक पावती तिथेच कायमची चिकटून बसली होती. कंपनीच्या दुकानात विचारलं तर उत्तर आलं, हे मॉडेल आता बंद आहे, याचं अस्तर बदलून मिळणार नाही.

आम्ही ती बॅग घेऊन दुरुस्ती करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बॅग उलटी केली आणि पहिल्यांदा वास घेतला. "ताई, हे जपून ठेवल्यामुळे झालंय," ते म्हणाले.

मैत्रीण म्हणाली, "अहो काका, जपली म्हणून खराब झाली?"

"हवाच लागली नाही ना तिला."

आत पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप होता. हवेतल्या दमटपणाने तो हळूहळू तुटत जातो आणि आधी चिकट होतो, मग भुगा. बंद कपाटात ओल कोंडली की अजून लवकर. मग काकांनी कडा दाखवल्या. चामड्याचे दोन थर चिकटवून त्यांच्या कापलेल्या कडेवर रबरी रंगाचा थर देतात, तो पट्टा वाकतो तिथे तडकला होता. नखाने खरवडला तर सालपटासारखा निघाला. अस्तर उसवल्यावर तळाशी ताठपणासाठी घातलेला पुठ्ठ्यासारखा तुकडा निघाला. तो चांगला होता की वाईट, हे मला कळलं नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "सगळेच घालतात." सगळे म्हणजे स्वस्तवालेही आणि महागवालेही.

मैत्रिणीने घाबरत घाबरत विचारलं, बॅग अस्सल तरी आहे ना? काकांनी खांदे उडवले. "माझ्याकडे दोन्ही येतात. कड दोघींची सुटते."

मग कारागिरी खोटीच?

नाही. इथे दुसऱ्या तटाची चूक होते.

एर्मेस 1837 मध्ये पॅरिसला घोड्यांचा साज बनवायला सुरू झाली. खोगीर आणि लगाम शिवायचा टाका ते अजून बॅगेला वापरतात, आणि तो टाका खरोखर वेगळा आहे. एक मेण लावलेला धागा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. चामडं लाकडी चिमट्यात धरून गुडघ्यांमध्ये दाबायचं, आरीने भोक पाडायचं, आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोर ओढायच्या. यंत्राच्या शिवणीत वरचा धागा आणि खालच्या बॉबिनचा धागा एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की ओळ उसवत जाते, पँटची शिवण जाते तशी. खोगिराच्या टाक्यात प्रत्येक भोकातून धागा दोनदा गेलेला असतो. एका बाजूचा टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. घोडा उधळला असताना लगाम उसवून चालत नाही, त्यातून आलेलं हे शहाणपण.

बर्किन सहसा एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करतो. फ्रान्समध्ये कंपनीच्या वीसहून अधिक कार्यशाळा आहेत, तिथे माणसं शिकवून तयार केली जातात. म्हणून चिनी व्हिडिओतला 'आम्हीच बनवतो' हा दावा बर्किनबाबत टिकत नाही.

पण इथे थांबून दोन प्रश्न विचारावेत. पहिला, लगामाचा टाका लिपस्टिक आणि किल्ल्या वाहायला खरंच लागतो का? दुसरा, हाताने शिवणारे, चांगलं चामडं वापरणारे स्वतंत्र कारागीर जगात ठिकठिकाणी आहेत आणि त्यांच्या बॅगा याच्या दहाव्या भागात मिळतात. टाका तोच, धागा तसाच. मग उरलेले नऊ भाग कशाचे? पाटीचे.

आणि एर्मेसची गोष्ट सगळ्या बाजाराला लावणं हा तर मोठाच घोळ. बहुतेक महागड्या बॅगा यंत्रावर शिवलेल्या असतात, अनेकदा ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराने पुढे दुसऱ्याला दिलेल्या कामातून. पण जाहिरातीत दिसतो तो पांढरा एप्रन घातलेला म्हातारा कारागीर. एकाची पुण्याई, खातात सगळे.

53 युरोचा आकडा कसा वाचायचा

मिलानच्या प्रकरणात तपास यंत्रणांना शहराच्या आसपासच्या चिनी मालकांच्या कार्यशाळांमध्ये कामाच्याच जागी झोपणारे मजूर आणि सुरक्षेचे भाग काढून टाकलेली यंत्रं सापडली. यंत्र जोरात चालावं म्हणून ते भाग काढले होते. न्यायालयाने दिऑरच्या उत्पादन करणाऱ्या एका उपकंपनीवर देखरेख नेमली, ती फेब्रुवारी 2025 मध्ये उठवली. कंपनीवर स्वतःवर फौजदारी आरोप नव्हता. पुरवठादारांवर नीट लक्ष ठेवलं नाही, हा ठपका होता. अर्मानीच्या एका उपकंपनीबाबतही 2024 मध्येच असा आदेश निघाला होता.

53 युरोत चामडं धरलेलं नाही, हे बहुतेकांनी वाचलंच नाही. दुकानाचं भाडं, डिझाइन, जाहिरात हेही त्यात नाही. म्हणून '53 ची वस्तू 2,600 ला' हे वाक्य चुकीचं आहे. तरीही आकडा बोचतो तो बोचतोच. 2023 मध्ये एलव्हीएमएच समूहाच्या फॅशन आणि चामड्याच्या वस्तूंच्या विभागाची विक्री 42.2 अब्ज युरो होती आणि त्यावरचा कामकाजातून मिळालेला नफा 16.8 अब्ज. शंभरातले चाळीस. लुई व्हिटॉन आणि दिऑर दोन्ही याच विभागात येतात. शंभरात चाळीस सुटत असताना शिवणाऱ्याच्या हातावर पडतात ते दोन, आणि त्या दोनातही ठेकेदाराचा वाटा.

माझा राग किंमतीवर नाही. पाटी साडेपाच कोटींना विकणाऱ्यावरही माझा राग नाही. राग आहे तो कारागिरीच्या गोष्टीवर किंमत उभी करायची आणि कारागिराच्याच मजुरीत काटकसर करायची, यावर. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण बहुधा अशाच कुणासाठी झाली असेल.

'मेड इन इटली' वाचून समाधान मानणाऱ्यांसाठी अजून एक खुलासा. युरोपच्या सीमाशुल्क नियमांत वस्तूवर शेवटची मोठी, अर्थपूर्ण प्रक्रिया जिथे झाली तो तिचा देश. म्हणजे सुटे भाग बाहेरून येऊ शकतात. आणि वरच्या प्रकरणातल्या कार्यशाळा तर इटलीतच होत्या. तो शिक्का खोटा नव्हता. आपण त्यातून जे चित्र मनात रंगवतो तेवढं खोटं होतं.

पैसे देऊनही मिळत का नाही?

दुकानात जाऊन 'बर्किन द्या' म्हटलं की बर्किन मिळत नाही. फळीवर ती ठेवलेली नसते, संकेतस्थळावर टोपलीत टाकता येत नाही. गिऱ्हाइकं सांगतात की आधी त्याच दुकानातून रुमाल, पट्टे, बशा, जोडे घ्यावे लागतात, विक्रेत्याशी ओळख वाढवावी लागते, मग एखाद्या दिवशी आतल्या खोलीत बोलावणं येतं. मराठीत अशा जागा भरायला घेतलेल्या फालतू गोष्टींना फार जुना शब्द आहे, खोगीरभरती. खोगीर बनवणाऱ्या कंपनीला तो इतका चपखल बसावा, हा योगायोगच.

2024 मध्ये कॅलिफोर्नियात काही ग्राहकांनी यावरून दावा लावला. एक वस्तू हवी तर दुसरी घ्यायला लावणं हा स्पर्धा कायद्याचा भंग आहे, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने 2025 मध्ये तो फेटाळला. एखाद्या कंपनीने आपला माल कमी विकणं हा गुन्हा होत नाही, आणि हँडबॅग ही काही पिण्याच्या पाण्यासारखी गरज नाही. कायद्याने ते ठीकच आहे. पण ग्राहकच विक्रेत्याची मर्जी राखतोय, हे चित्र मला अजून पचत नाही. पैसे माझे, आणि आर्जवंही मीच करायची?

टंचाई टिकवण्याची दुसरी बाजू आणखी कुरूप आहे. बर्बेरी या ब्रिटिश फॅशन कंपनीने 2017-18 च्या आर्थिक वर्षात 2 कोटी 86 लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला. कपडे, सामान, सुगंधी द्रव्यं, सगळं. स्वस्तात विकला असता तर कुंपणाला भगदाड पडलं असतं. गवगवा झाल्यावर सप्टेंबर 2018 मध्ये कंपनीने ही पद्धत बंद केली, आणि फ्रान्सने पुढे असा माल नष्ट करण्यावर कायद्यानेच बंदी आणली. चांगली वस्तू म्हणून किंमत असती तर ती वस्तू जाळावी लागली असती का?

"पण ही गुंतवणूक आहे!"

हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो सगळ्यात कच्चा आहे.

2016 मध्ये एक बातमी जगभर फिरली. बर्किनची किंमत 35 वर्षांत 500 टक्क्यांनी वाढली, म्हणजे वर्षाला 14.2 टक्के, सोन्यापेक्षा आणि शेअर बाजारापेक्षा सरस. हा अभ्यास केला होता महागड्या बॅगा विकणाऱ्या एका संकेतस्थळाने. तेवढ्यावरच भुवई वर जायला हवी. पण गणितही बघा. 500 भागिले 35 केलं की 14.2 येतं. म्हणजे नुसता भागाकार केला, चक्रवाढ धरलीच नाही. 500 टक्के वाढ म्हणजे रक्कम सहापट. 35 वर्षांत सहापट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साधारण सव्वापाच टक्के. खरोखर 14.2 टक्के चक्रवाढ असती तर बॅग शंभरपट झाली असती. शिवाय बर्किन बाजारात आली 1984 मध्ये. 2016 पर्यंत तिला 35 वर्षं झालीच कुठे होती? एवढा साधा हिशेब न तपासता ती बातमी आजही लोक एकमेकांना पाठवतात.

दुकानातल्या किंमतीपेक्षा जास्त भावाने पुन्हा विकल्या जातात त्या मोजक्याच बॅगा, प्रामुख्याने एर्मेसच्याच बर्किन आणि केली. बाकी बहुतेकींची किंमत दुकानाचं दार ओलांडताच उतरते. विकायला गेलात तर मधला व्यापारी आपला वाटा कापून घेतो, आणि तो वाटा शेअर दलालाच्या दलालीसारखा नगण्य नसतो. कोपरा घासलाय, आत पेनाची रेघ आहे, डबा नाही, पावती नाही, प्रत्येकाचे पैसे कमी. थोडक्यात, नफा हवा तर बॅग वापरायची नाही. मग घेतलीत कशाला? आणि जिची किंमत टिकवायला कपाट लागतं, तिचं कपाटात काय होतं ते वर सांगितलंच.

"मग हौस करूच नये का?"

करावी की. नंबराची पाटी घेणाऱ्याला मी नावं ठेवली नाहीत, बॅग घेणारीला का ठेवू? पैसे तुमचे, आनंद तुमचा. फक्त काय विकत घेतोय ते ठाऊक असावं. 'मला मिरवायला आवडतं' असं कुणी मोकळेपणाने म्हटलं की मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. 'चामडं फार सुंदर आहे गं' म्हटलं की शंका येते.

आणि हँडबॅगेची टिंगल करणाऱ्या पुरुषांनी आपल्या मनगटाकडे बघावं. हजारो डॉलरचं चावीचं घड्याळ साध्या बॅटरीच्या घड्याळापेक्षा वेळ कमी अचूक दाखवतं. तरी घड्याळाचा शौकीन म्हणजे जाणकार आणि बॅगेची शौकीन म्हणजे उधळी, हे कसं? बायकांच्या कपड्यांना धड खिसे नाहीत, म्हणून बॅग लागते ही मुळातली गोष्ट तर सगळे विसरलेच आहेत. बर्किन तरी कशातून जन्मली? पॅरिस-लंडन विमानात एका आईने एर्मेसच्या प्रमुखाकडे तक्रार केली, की मुलांचं सामान मावेल अशी बॅगच कुणी बनवत नाही. आता ती बॅग लोक बाळासारखी वेगळ्या खुर्चीवर ठेवतात.

जेन बर्किनने स्वतः असलं काही केलं नाही. तिच्या बॅगा ठासून भरलेल्या असायच्या, त्यांवर स्टिकर, मणी, काय वाटेल ते. पहिली बॅग तिने 1994 मध्ये एड्सविरोधी कामासाठी लिलावात देऊन टाकली.

"लोगो नसलेली, साधी बॅग घेतली तर?"

म्हणजे तुम्ही या खेळातून बाहेर पडलात असं वाटतं, पण बहुधा वरच्या मजल्यावर गेलेले असता. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लुई व्हिटॉन आणि गुच्ची यांच्या बॅगांच्या किंमती आणि त्यांवरच्या चिन्हांचा ठळकपणा यांची तुलना केली होती. चिन्ह जितकं ठळक, तितकी बॅग स्वस्त. चिन्ह लहान होत गेलं तशी किंमत वाढत गेली. अतिश्रीमंतांना सगळ्यांनी ओळखायला नको असतं. आपल्यासारख्याच चार जणांनी शिवणीवरून, कडीवरून ओळखलं की झालं. हल्ली याला 'शांत लक्झरी' म्हणतात. पाटी तीच, फक्त वाचणारे निवडलेले.

"आणि हुबेहूब नकली घेतली तर?"

हल्ली सुपरफेक नावाचा प्रकार निघालाय, म्हणजे जाणकारालाही चटकन न ओळखू येणारी नक्कल. नकलीच्या बाजूने मी नाही. ती कोण शिवतं, कुठल्या अवस्थेत, याचा कुणालाच पत्ता नसतो, आणि मिलानमध्ये निदान विचारायला एक न्यायालय तरी होतं. पण सुपरफेकने एक गोष्ट उघडी पाडली. वस्तू हुबेहूब करता येते आणि तरीही तिला ती किंमत येत नाही. चामडं, टाका, कडी सगळं तेच असून जे हरवतं, त्याचेच पैसे अस्सलला मोजलेले असतात.

मैत्रिणीच्या बॅगेचं काय झालं? काकांनी जुनं अस्तर खरवडून काढलं आणि जाड सुती कापडाचं नवं बसवलं. कडा घासून, तीनदा रंगाचा हात देऊन वाळवल्या. बाहेर दुरुस्ती केलेल्या बॅगेला कंपनी आता हात लावणार नाही आणि पुन्हा विकताना 'मूळ स्थितीत' म्हणता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने काकांना आत किल्ल्यांसाठी एक जास्तीचा खिसा शिवायला सांगितला, तोही गडद लाल रंगाचा. गेल्या आठवड्यात भेटली तेव्हा बाहेर पाऊस होता. तिने ती बॅग डोक्यावर धरली होती.